बैल, माग आणि रिक्षा

गेली सव्वीस वर्षे मी सोलापूरच्या आर.टी.ओ. कचेरीबाहेर लोकांचे फॉर्म भरून देतो. शिक्षण बारावीपर्यंत. कायद्याची पदवी नाही, इतिहासाचीही नाही. पण तेच तेच कागद रोज हाताखालून जाऊ लागले की हा कागद आला कुठून, असा प्रश्न माणसाला कधीतरी पडतो. मला तो तीन फॉर्मांनी पाडला.

नमुना ३४ भरला की आर.सी. बुकावर कर्ज चढते. नमुना ३५ भरला की ते उतरते. त्याला आमच्याकडे ‘एच.पी. उतरवणे’ म्हणतात. हा दुसरा फॉर्म भरायला येणारा माणूस खुशीत असतो, चहा पाजल्याशिवाय जात नाही. तिसरा नमुना ३६. हप्ते थकले म्हणून वित्तसंस्थेने गाडी ताब्यात घेतली असेल, तर तिचे नोंदणीपत्र संस्थेच्या नावे मागण्याचा हा अर्ज. तो संस्थेचा माणूस घेऊन येतो. ज्याची गाडी गेली तो माणूस माझ्या टेबलापाशी मला कधी दिसला नाही. त्याच्या गाडीचा सगळा निकाल त्याच्या गैरहजेरीत लागतो.

या गैरहजेरीचा इतिहास शोधायचा म्हणून मी वाचनालयात बसू लागलो. हा लेख त्या वाचनाचा हिशेब आहे. पण सुरुवात घरातल्या दोन प्रसंगांनी करतो, कारण प्रश्न तिथलाच आहे.

आमचे आजोबा हातमागावर लुगडी विणत. आजी सांगायची, की एकदा सावकाराने हुकूमनामा मिळवला आणि कोर्टाचा बेलिफ दारात आला. त्याने पितळी घंगाळ लिहून घेतले, एक लाकडी पेटी लिहून घेतली. सावकाराचा मुनीम मागाकडे बोट दाखवत राहिला. बेलिफ म्हणाला, ‘माग घेता येत नाही, कायदा आहे.’ आजीला अक्षरओळख नव्हती, पण हे वाक्य तिला शेवटपर्यंत पाठ होते.

दुसरा प्रसंग १९८६ सालचा. मी पंधरा वर्षांचा होतो. वडिलांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, हप्त्यावर रिक्षा घेतली होती. एकूण ३६ हप्ते. त्यांपैकी ३३ भरले. मग टायफॉईड झाला, तीन महिने अंथरुणात गेले आणि तीन हप्ते थकले. एका रात्री तिघे जण आले, रिक्षा ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथून पुढे चालू करून निघून गेले. बेलिफ नव्हता, हुकूमनामा नव्हता, पंचनामाही नव्हता. सकाळी आण्णा चौकीवर चोरीची तक्रार द्यायला गेले. तिथे त्यांना सांगितले, ‘मालकाने आपली गाडी नेली, चोरी कशी होईल?’ त्या दिवशी आण्णांना पहिल्यांदा कळले, की तेहतीस हप्ते भरूनही कागदावर ते रिक्षाचे भाडेकरूच होते.

आजोबांचा माग वाचला आणि आण्णांची रिक्षा गेली. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, राज्यघटना आली होती. तरी ऋणकोचे संरक्षण वाढण्याऐवजी कमी कसे झाले?

* * *

उत्तराचा एक धागा १८७५ मध्ये आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासाला ते माहीत आहेत. त्यात माणसांना मारण्यापेक्षा कागद मिळवण्यावर जोर होता. शेतकरी रोखे आणि खतपत्रे मागत होते, मिळाली की जाळत होते. आपल्याला कागदाने बांधले आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ झाला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर. कर्जदाराच्या हक्कांची एवढी तपशीलवार मांडणी देशात ज्या थोड्या भागांत प्रथम झाली, त्यांत आपला जिल्हा होता, याचा सोलापूरकरांना विसर पडला आहे.

या कायद्यातल्या काही तरतुदी आज वाचल्या तरी थक्क व्हायला होते. नुसता रोखा दाखवून सावकाराला हुकूमनामा मिळेना. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा, मूळ मुद्दल किती आणि व्याज किती ते पाहायचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन विकता येईना. न्यायालयाला हप्ते बांधून देता येऊ लागले. आणि ऋणकोला पैसे भरल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. १८८७ मध्ये महादेव गोविंद रानडे या कायद्याखालचे खास न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर जाईपर्यंत या जिल्ह्यांतल्या कोर्टांची तपासणी करत ते फिरत होते.

याच सुमारास दिवाणी कायद्यातही एक तत्त्व स्थिरावले. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळायच्या वस्तूंची यादी दिली. तीत कारागिराची हत्यारे होती, शेतकऱ्याची औते आणि पोटापुरते बैल होते. १९०८ च्या संहितेत हीच यादी कलम ६० मध्ये आली आणि तीत बियाण्याचे धान्यही मिळाले. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिनाही तिच्यात आहे. आजोबांच्या दारात आलेला बेलिफ जे वाक्य बोलला, ते या कलमातले होते. कर्ज बुडू नये, पण ते वसूल करताना माणसाचे कमावण्याचे साधन जाऊ नये, कारण ते गेले तर उरलेले कर्ज फेडणार कशातून, हा त्यामागचा साधा विचार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वतःहून खास गहाण टाकलेल्या वस्तूला हे संरक्षण १८७९ मध्येही पुरते नव्हते. गहाण जमीन विकली जाऊ शकत होती. पण ती विकण्याआधी सावकाराला न्यायाधीशासमोर उभे राहावे लागे आणि न्यायाधीश हिशेब विचारत असे. धनको आणि ऋणको यांच्या मध्ये तिसरा कोणीतरी उभा होता. माझ्या मते त्या कायद्याचे खरे मोल यातच आहे.

* * *

सावकार मात्र स्वस्थ बसले नाहीत. गहाणाच्या कागदावर कोर्ट प्रश्न विचारते ना, मग गहाण नकोच. शेतकऱ्याला कर्ज द्यायचे आणि लिहून घ्यायचे थेट खरेदीखत. तोंडी बोली अशी, की पैसे फेडलेस की जमीन परत देईन. कागदावर कर्ज राहिलेच नाही; सावकार मालक झाला. हा प्रकार इतका वाढला, की विसाव्या शतकाच्या आरंभी कायद्यात कलम १०-अ घालावे लागले. कागदावर विक्री लिहिलेली असली तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता का, हे न्यायालयाने तपासावे, असा त्याचा अर्थ.

मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा वाचनालयात बसूनच आण्णांची रिक्षा आठवली. कारण भाडेखरेदीची कल्पनाही तीच आहे : धनकोने धनको न राहता मालक व्हायचे.

तिचा जन्म आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये शिवणयंत्रे, फर्निचर, पियानो अशा वस्तू हप्त्याने देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुजली. १८९५ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका पियानोचा खटला आला. ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ असे त्याचे नाव. एकाने पियानो मासिक हप्त्याने घेतला होता. हप्ते, योगायोग पाहा, छत्तीस होते. ते पुरे होण्याआधीच त्याने पियानो तारणावर पैसे देणाऱ्याकडे ठेवला. न्यायालय म्हणाले, घेणाऱ्याने तो विकत घेतलेलाच नव्हता, तो नुसता भाड्याने घेतला होता. सगळे हप्ते भरेपर्यंत मालक दुकानदारच. या निकालाने हप्त्याच्या धंद्याला भक्कम पाया मिळाला. मालकाला स्वतःची वस्तू परत न्यायला कोर्टाची गरज कशाला?

पुढे तिथे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. शेवटचे थोडे हप्ते राहिले की निमित्त काढून वस्तू उचलायची आणि पुन्हा दुसऱ्याला विकायची, असा धंदाच सुरू झाला. मजूर पक्षाच्या खासदार एलेन विल्किन्सन यांनी त्याविरुद्ध विधेयक आणले आणि १९३८ चा भाडेखरेदी कायदा झाला. किमतीचा एक तृतीयांश भाग भरला गेला असेल, तर कोर्टात गेल्याशिवाय वस्तू परत नेता येणार नाही, हा त्याचा गाभा.

आपल्याकडे मोटारी, ट्रक, रिक्षा आल्या त्या बहुतेक याच भाडेखरेदीच्या कागदावर. त्या कागदामागे काय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली पाहिले. ‘सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य’ हा खटला होता विक्रीकराचा. पण त्यात बहुमताने असे म्हटले गेले, की ग्राहक स्वतः गाडी निवडतो, विकत घेतो आणि संस्था फक्त उरलेले पैसे पुरवते, तेव्हा कागदावर काहीही लिहिलेले असो, खरा व्यवहार कर्जाचा आहे. रोख्याच्या मागे जाऊन पाहण्याची १८७९ ची दृष्टी इथे पुन्हा दिसते.

आणि १९७२ साली संसदेने भाडेखरेदी कायदा मंजूर केला. त्याचे कलम २० मी इतक्या वेळा वाचले आहे, की ते मला आजीच्या वाक्यासारखे पाठ झाले आहे. किमतीचा ठरावीक हिस्सा भरला गेला असेल तर मालकाला कोर्टाच्या मार्गाशिवाय वस्तू परत घेता येणार नाही. वाहनांसाठी हा हिस्सा ५,००० रुपयांच्या आत निम्मा आणि त्यापुढे तीन चतुर्थांश. १५,००० आणि त्यावरच्या वाहनांसाठी सरकारला वाटल्यास तो नऊ दशांशांपर्यंत वाढवता येईल. आण्णांनी छत्तीसपैकी तेहतीस हप्ते भरले होते. नऊ दशांश म्हणजे बत्तीस हप्ते आणि थोडे वर. सगळ्यांत कडक माप लावले तरी त्यांची रिक्षा कोर्टाशिवाय उचलता आली नसती.

पण हा कायदा कधी अंमलात आलाच नाही. संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो पुस्तकात पडून राहिला. २००५ साली संसदेने तो रद्द केला. तेहतीस वर्षे तो जिवंतही नव्हता आणि मेलेलाही नव्हता. तेहतीस हप्ते आणि तेहतीस वर्षे, हा हिशेब मी कुणाला सांगत नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

* * *

आज भाडेखरेदी मागे पडली आहे. बहुतेक गाड्या नजरगहाणावर असतात. म्हणजे मालक कर्जदार, ताबाही त्याचा, आणि संस्थेचा गाडीवर बोजा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही, अशा करारातली गाडी ज्याच्या ताब्यात असते त्याला ‘मालक’ म्हटले आहे. अपघात झाला की मालक म्हणून जबाबदारी त्याच्यावर येते. हप्ता थकला की मात्र त्याला कुणी मालक मानत नाही.

न्यायालयांचे निकाल या प्रश्नावर दोन काठांवर उभे आहेत. भाडेखरेदीची गाडी संस्थेने करारानुसार परत घेतली तर ती चोरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली म्हटले; २०१२ च्या निकालांतही संस्थेची मालकी उचलून धरली. दुसरीकडे २००७ साली याच न्यायालयाने वसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या प्रथेवर कडक शब्दांत कोरडे ओढले, आणि पुढे जबरदस्तीने ताबा घेता येणार नाही, कायद्याची रीत पाळावीच लागेल, असे बजावले. १९ मे २०२३ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने वसुली एजंटांकरवी गाड्या ओढून नेणे हा जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि दोषी संस्थांना प्रत्येकी ५०,००० रुपयांचा दंड केला. सगळे निकाल एकत्र वाचले की हाती एवढे येते : करारात कलम असेल तर संस्थेला ताबा घेण्याचा हक्क असू शकतो, पण बळजबरीचा हक्क कुणालाच नाही.

कागदावर संरक्षणही बरेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या संहितेप्रमाणे बिगर-बँक वित्तसंस्थेच्या वाहन कर्जाच्या करारात सहा गोष्टी लिहिलेल्या हव्यात : ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत माफ होईल, ताबा घेण्याची रीत, लिलावापूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी, गाडी परत देण्याची रीत आणि विक्रीची रीत. कर्जदाराला कळेल अशा भाषेत कागद हवेत आणि कराराची प्रत त्याच्या हातात द्यायला हवी. ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. धाकदपटशा आणि चारचौघांत अपमान यांना मनाई आहे. सप्टेंबर २०२३ च्या सूचनेप्रमाणे कर्ज पुरे फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत करून नोंदवलेला बोजा उतरवायचा. संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तक्रारीला संस्थेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, ग्राहक आयोगाचा मार्गही आहे.

तरीही फट आहेच. थकीत कर्जासाठी साठ दिवसांची नोटीस देणारा २००२ चा ‘सरफेसी’ कायदा एक लाखापर्यंतच्या तारणाला लागू नाही, आणि बिगर-बँक संस्थांच्या बाबतीत तर वीस लाखांच्या खालच्या कर्जांना नाही. म्हणजे मोठ्या कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस कायद्याने मिळते, आणि वित्तसंस्थेकडून कर्ज काढणाऱ्या रिक्षावाल्याला करारात लिहिली असेल तेवढीच. आपल्या राज्याचा २०१४ चा सावकारी नियमन कायदाही त्याच्या उपयोगी पडत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या कायद्यांबाबत ठरवले. आणि कलम ६०? रिक्षा हे कारागिराचे हत्यार आहे का, हा प्रश्न कोर्टात रंगला असता. पण प्रकरण कोर्टात जातच नसेल तर तो विचारणार कोण?

वित्तसंस्थेची बाजू मी समजून घेतली आहे. माझ्याकडे फॉर्म घेऊन येणारे त्यांचे वसुलीवाले बहुतेक आमच्याच गल्लीतली मुले आहेत, त्यांनाही महिन्याचे टार्गेट आहे. गाडी चालती वस्तू. ती सीमेपार कर्नाटकात गेली की हाती लागत नाही. प्रत्येक थकलेल्या हप्त्यासाठी कोर्टाची वाट पाहायची तर छोट्या माणसाला कर्ज मिळणेच बंद होईल, हे त्यांचे म्हणणे पोकळ नाही. १८७९ च्या कायद्यावरही हाच आक्षेप होता, की पत आटेल. पण इंग्लंडातला तोडगा या आक्षेपाचाही विचार करतो. ज्याने एक-दोन हप्ते भरून गाडी घेऊन पळ काढला त्याला तो वाचवत नाही. ज्याने मोठा हिस्सा इमानाने भरला, त्याच्यापुरतेच तो म्हणतो, की आता मध्ये तिसरा कोणीतरी उभा राहू दे. आपल्या संसदेने हेच १९७२ साली मान्य केले होते. ते पुन्हा मान्य करायला नवा शोध लावावा लागणार नाही.

माझ्यापुरते मी एक केले आहे. नमुना ३४ भरायला नवा गाडीवाला आला, की फॉर्म हातात घेण्याआधी विचारतो, ‘कराराची प्रत मिळाली का?’ दहातले आठ नाही म्हणतात. ‘सह्या किती केल्या?’ मोजल्या नाहीत म्हणतात. मग मी सांगतो, की आधी प्रत मागून आण, त्यात ताबा आणि नोटीस यांचे कलम कुठे आहे ते मला दाखव, कोऱ्या कागदावर सही देऊ नकोस, आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेव. काही चिडतात, दुसऱ्या टेबलावर जातात. काही प्रत घेऊन परत येतात.

आण्णांची रिक्षा किती रुपयांना विकली गेली, ते आम्हाला कधी कळवले गेले नाही. सहा महिन्यांनी जामीनदार राहिलेल्या मामांना पत्र आले, की विक्रीची रक्कम वजा जाता अमुक रुपये बाकी आहेत. मामांनी ते भरले आणि आण्णांशी दोन वर्षे बोलले नाहीत. आण्णा पुढे अठरा वर्षे दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवत राहिले.

त्यांचे हप्त्यांचे पुस्तक माझ्याजवळ आहे. तेहतीस रकान्यांत शिक्के आहेत. शिकवणीसारखे मी ते कधीकधी टेबलावर उघडून ठेवतो. परवा एक तरुण रिक्षावाला ते बराच वेळ पाहत होता. म्हणाला, ‘काका, तीनच राहिले होते की.’ मी म्हणालो, ‘हो. आता तुझी प्रत दाखव.’